न सोडणारी माती

शरयूताई, तुमचे मातीचे नमुने मी साबुदाण्याच्या पापड्यांशेजारी उन्हात वाळत घातले, तेव्हा मी बासष्ट वर्षांची कोवळी पोर होते आणि संसारातलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती.

दोन हजार बाराचा जानेवारी, म्हणजे इथला उन्हाळा. तुम्ही तुमच्या निखिलकडे, म्हणजे माझ्या जावयाकडे, न्यूझीलंडला पहिल्यांदा आला होतात. मी केतकीकडे, माझ्या लेकीकडे, तुमच्या थोडी आधी येऊन बसलेली, म्हणून घरातली जुनी. सकाळी फ्रीज उघडला तर माझ्या चक्क्याला जागा नाही. मधला सगळा कप्पा झिपच्या पिशव्यांनी भरलेला, आणि पिशव्यांत चिखल. विहीणबाई कृषी महाविद्यालयात मातीचा विषय शिकवायच्या हे मला ठाऊक होतं, पण म्हणून माती कुणी दह्याशेजारी ठेवतं? बुरसेल की. आणि बाहेर ऊन असं पडलेलं, की ओहाकुनेसारख्या गावात, बर्फाच्या डोंगराच्या पायथ्याशी, ते वाया घालवणं पापच. पापड्या घातलेल्याच होत्या. उरलेल्या चादरीवर मी तुमची माती पसरली, ढेकळं मोडली, दुपारी उलथीपालथी केली. संध्याकाळी छान खडखडीत झाली तशी रव्याच्या चाळणीतून चाळून डब्यात भरली आणि तुम्हाला नेऊन दिली. शाबासकी मिळेल म्हणून उभीही राहिले.

तुम्ही डब्यात पाहिलंत, मग माझ्याकडे, मग परत डब्यात. ओरडला असतात तर बरं झालं असतं. वरमाय होतात, हक्क होता. तुम्ही चिमूटभर माती बशीत घेतलीत, वर पाणी ओतलंत आणि बोटाने कालवलंत. पाणी वेगळं, कण वेगळे. गाळून घेतलेल्या चहाच्या चोथ्यासारखे.

"ही ज्वालामुखीच्या राखेची माती," तुम्ही म्हणालात. "ओली आहे तोवर हिच्यात सगळं असतं. एकदा अशी कडकडीत वाळली की मग कितीही भिजवा, पहिल्यासारखी होत नाही. म्हणून फ्रीजमध्ये ठेवली होती."

"मग आधी सांगायचं नाही का?" चूक माझी असली की मी आवाज चढवते.

"तुम्ही वाळवण घालताना कुणाचं ऐकता कुठे? चला, दुसरा खड्डा खणू. या खेपेला कुदळ तुम्ही धरायची."

मी धरली. आपली ओळख लग्नातली नव्हे, त्या कुदळीपासूनची. लग्नातली ओळख म्हणजे मी पैठणी नेसून, नथ सावरत, कोमट पाण्याचं घंगाळ घेऊन तुमचे पाय धुवायला आले आणि तुम्ही पाय मागे घेतलेत. "मी कुणाकडून पाय धुवून घेत नाही," म्हणालात, सगळ्या मांडवादेखत. दुसरी एखादी सुटले म्हणाली असती. मी फुगून बसले. मुलीच्या आईने मान द्यायचा, मुलाच्या आईने तो घ्यायचा, यात तुम्हाला नको म्हणायचा अधिकार कुणी दिला? माझ्या बहिणीला मी म्हटलं, "ही बाई माझ्या लेकीला जाचणार बघ. मान घेत नाही म्हणजे मनात काहीतरी मोठं आहे." आता ती नथवाली समोर आली तर मी तिला एक टपली मारेन.

दुसऱ्या खड्ड्यातून तुम्ही गुडघाभर माखून वर आलात, तेव्हा मी न विचारता बागेतला पाइप तुमच्या पायांवर सोडला. गार पाणी. तुम्ही नाचायला लागलात.

"धुतले," मी म्हटलं. "आता फक्त रुखवत राहिलं."

त्या खड्ड्यात मी आयुष्यात पहिल्यांदा माती पाहिली. तोवर कुंडीत घालायची ती माती, एवढंच ज्ञान. वरचा थर काळाभोर, त्याखाली गुळाच्या रंगाचा. हातात ढेकूळ घ्यावं तर वजनच नाही, पावासारखं. तुम्ही माझ्या अंगठ्याखाली एक गोळी ठेवलीत आणि म्हणालात, दाबा. दाबली तर कोरडी वाटणारी माती एकदम बुळबुळीत झाली, आतलं पाणी सुटलं. मी म्हटलं, ही तर खरवसासारखी थरथरते. तुम्हाला ते इतकं आवडलं की पुढे येईल त्याला तुम्ही खरवस म्हणून सांगायचात आणि मग खरवस म्हणजे काय ते समजावत बसायचात. कमरेइतकं खाली गेल्यावर मात्र कुदळ टणकन वाजली. करडं, घट्ट, बारीक रेतीपासून नारळाएवढ्या धोंड्यांपर्यंत सगळं एकत्र ठोकून बसवल्यासारखं. वरून आलेली मुळं तिथे पोचून आडवी वळलेली.

"हे हिमनदीचं काम," तुम्ही म्हणालात. "बर्फाने डोंगरावरून ओढत आणलं आणि वितळताना इथे टाकून दिलं. वरची राख नंतर आकाशातून पडत राहिली. दोघींचं एकमेकींशी काही नातं नाही, पण राहतात एकीवर एक."

"विहिणींसारख्या."

तुम्ही कुदळीवर रेलून हसलात. तेवढ्यात कुंपणापलीकडून ब्रूस आला, शेजारचा मेंढ्यावाला, थंडीतही जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून हिंडणारा. "किआ ओरा, लेडीज. कुणाला पुरताय?" आणि मी, मोठी विनोदी, तुमच्याकडे बोट दाखवलं. केवढे हसलो तिघं. ते बोट आता मी कुठे ठेवू, सांगा.

ब्रूसशी तुमचं भांडण त्याच दिवशी सुरू झालं. तो म्हणायचा, खालचा थर बर्फाबिर्फाने नाही आलेला, डोंगर फुटला की चिखलाचे लोंढे येतात, त्यांनी आणला. त्याच्या आजोबांपासून सगळे हेच सांगतात. तुम्ही म्हणायचात, बर्फ दगडाला ओरबाडतो, चिखल तसा ओरबाडत नाही, मी ओरखडे दाखवते. त्यासाठी तुम्ही तो खड्डा कधी बुजू दिला नाहीत, वर पत्रा टाकून ठेवलात. शेवटी एक धोंडा सापडला, अंगावर सरळ समांतर रेघा असलेला. ब्रूस तो उलटासुलटा करून म्हणाला, "डिगरचा दात लागला असेल," म्हणजे खणायच्या यंत्राचा. बरेच दिवस तुम्ही त्याच्याशी बोलला नाहीत. परवा तो कुंपणापाशी आला, टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "शी वॉज प्रॉबब्ली राइट, यू नो." मला इतका राग आला, शरयूताई. जिवंत बाईशी हरायला याचं काय गेलं असतं?

आपली ही वर्षं कशी गेली ते कुणाला सांगून कळणार नाही. केतकी दिवसभर फार्मसीत, निखिल गाजरांच्या पॅकहाउसमध्ये. इरा झाली, आणि ती बोलायला लागली ती इंग्रजीतच. मराठी सगळं कळतं, पण मी विचारलं "भूक लागली का गं?" की उत्तर, "हीप्स", खूप. म्हणजे घरात मराठी बोलणाऱ्या आपण दोघीच. मी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केलेली, दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात. माझी स्वतःची सगळी साठून राहिली होती, ती तुमच्यावर निघाली. ऑकलंडला गेलो की ओटाहुहुच्या दुकानातून साबुदाणा आणि उडदाची डाळ आणायची, आणि येताना पुकेकोहेला तुम्ही गाडी थांबवायला लावायची, हे ठरलेलं. रस्त्याकडेच्या शेतातली लाल माती तुम्ही बोटांत चोळायचात.

"हीसुद्धा राखच. पण फार जुनी, पार चिकण होऊन गेलेली. म्हातारी."

"आपल्यासारखी."

"आपल्यापेक्षा बरी. हिच्यात अजून कांदा येतो."

निखिल गाडीतून म्हणायचा, "आई, काकू, लोक बघतायत." तो मला लग्नाआधी काकू म्हणायचा, ते तसंच राहिलं.

एक गोष्ट या घरात फक्त तुम्हाला माहीत होती. मला परत जायचं होतं. पुण्याच्या माझ्या दोन खोल्यांत, जिथे सकाळी दूधवाल्याशी वाद घालता येतो आणि बहीण दोन गल्ल्या सोडून राहते. केतकीला हे सांगायचं कसं? तिचे बाबा गेल्यापासून ती माझ्यावर मांजरीसारखी डोळा ठेवून. "आई, बरं वाटतंय ना इथे?" विचारायची, आणि मी इथल्या लोकांसारखं "स्वीट ॲझ", एकदम मस्त, म्हणून तिला हसवायचे. तुम्ही समोर बसून गाजर किसत असायचात, मान वर न करता. रात्रीची भांडी आवरताना म्हणायचात, "खोटारड्या आहात." तुमचं उलटं होतं. नाशिकच्या घरात दीर-जावांच्या राज्यात तुम्हाला परत जायचं नव्हतं. "मला इथली हवा मानवते," एवढंच सांगायचात लोकांना.

मग तुमच्या पोटातलं ते दुखणं निघालं. दवाखान्यातून आल्यावर काही दिवसांनी तुम्ही म्हणालात, खड्ड्यापाशी बसू. पत्रा बाजूला केला, काठावर पाय सोडून आपण फ्लास्कमधला चहा घेतला. तुम्ही भिंतीतली थोडी माती काढून चोळत होतात.

"इथे फॉस्फरसचं खत कितीही घाला, ही धरून बसते. मुळांना सहज देत नाही, पावसालाही नेऊ देत नाही."

"मग वाईटच की."

"गाजराला वाईट. मला बरी. हाडांत दुसरं असतं काय, चुना आणि फॉस्फरस. माझी राख इथे घाला, सुमनताई. ही मला कुठे जाऊ द्यायची नाही."

मी कप खाली ठेवला. "भलतंच. गोदावरीत गेलं की माणूस सुटतो. या चिखलात अडकून काय पडायचंय?"

"सुटायचंय कुणाला?"

"सगळ्यांना असतं सुटायचं."

"तुम्हाला असेल."

"आणि निखिलच्या काकांना काय सांगायचं? वहिनी गाजराच्या शेतात आहेत?"

"सांगा, इराच्या घरामागे आहेत. शाळेतून आली की दिसते."

मी म्हटलं, "मी असलं काही होऊ देणार नाही." तुम्ही म्हणालात, "बघू." आणि बोटं साडीला पुसलीत. तो वाद तिथेच थांबला. नंतर मी तुमचे पाय खरोखर धुतले, रोज, बादली कॉटपाशी घेऊन, आणि तुम्ही मागे घेतले नाहीत. तेव्हा मी घाबरले. वादाला जोर उरला नव्हता तुमच्यात, आणि एकटीने कसं भांडायचं ते मला येत नाही.

ऑगस्ट संपताना तुम्ही गेलात. डोंगर पांढराफेक होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

इथे अस्थी गोळा करायच्या नसतात, शरयूताई. ते लोक एक डबा देतात, प्लास्टिकचा, खाकी कागदी पिशवीत. आत अस्थी म्हणावं असं काही नाही, दळून आणलेल्या पिठासारखी पूड. निखिलने तो हॉलमधल्या फळीवर ठेवला, गणपतीच्या शेजारी. नाशिकहून तुमच्या दिरांचा फोन आला की वहिनींचं विसर्जन गोदावरीतच झालं पाहिजे. निखिल "हो काका, हो काका" म्हणत राहिला आणि फोन ठेवून माझ्याकडे वळला.

"काकू, मला आत्ता सुट्टी मिळणार नाही. तुम्ही घेऊन जाल? तुम्हालाही तिकडे राहून येता येईल. हवं तितकं राहा."

आता जे लिहिते ते तुम्हालाच सांगता येईल. मी खूश झाले. तुम्हाला जाऊन पुरते पंधरा दिवस झाले नव्हते, आणि माझ्या मनात लाडू फुटले. अस्थी घेऊन जाणाऱ्या बाईला कोण अडवणार? केतकी स्वतः मला विमानात बसवेल. आणि एकदा पुण्याला पोचले की गुडघे मी केव्हाही दुखवू शकते, डॉक्टर म्हणतील इतका लांबचा प्रवास नको, संपलं. सगळं मनात रचून झालं. बॅग काढली. बहिणीला सांगितलं, खोल्या झाडून ठेव.

तुम्ही खड्ड्यापाशी काय म्हणाला होतात ते माझ्याशिवाय कुणी ऐकलेलं नव्हतं. ब्रूसने नाही, निखिलने नाही. मी गप्प बसले की झालं. आणि मी काही खोटं वागत होते असंही नाही. गोदावरीच बरी हे माझं मत तुम्ही जिवंत असतानाही होतंच. असं मी स्वतःला समजावत होते, साड्यांच्या घड्या घालत होते, आणि रोज त्या फळीसमोरून जाताना मान खाली घालत होते.

निघायच्या आदल्या दिवशी डबा हँडबॅगेत बसतो का बघायला उचलला. वाटला होता त्यापेक्षा जड. बॅगेत बसला, चेन लागली. मी तशीच सोफ्यावर बसून राहिले. तुम्हाला सुटायचं नव्हतं, आणि मी तुम्हाला माझ्या सुटकेचं तिकीट करून नेत होते. तुमच्याजागी मी असते तर तुम्ही काय केलं असतं, हा प्रश्न मी विचारला नाही. उत्तर माहीत होतं.

निखिल कामावरून आला, बूट काढत होता. मी दारातच सांगितलं, "तुझ्या आईला नाशिकला नेऊ नकोस. तिला इथे राहायचं होतं, त्या खड्ड्यात. मला म्हणाली होती."

तो एक बूट हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "तुम्हाला?"

"मला."

"नक्की, काकू? तुम्हाला चालेल हे?"

"मला काय विचारतोस? तिची इच्छा होती."

"नाही, पण तुम्हाला?"

"चालेल म्हटलं ना," मी आवाज चढवून म्हटलं.

रविवारी घातलं तुम्हाला. ब्रूस शर्टाची सगळी बटणं लावून आला होता. निखिलने खड्ड्याची बाजू ताजी कोरून घेतली, त्या गुळाच्या रंगाच्या थरापर्यंत, आणि पूड ओतली. त्या मातीवर रांगोळी सांडल्यासारखी दिसली. इरा म्हणाली, "कॅन आय मिक्स?" केतकी तिला ओढणार होती, मी म्हटलं, करू दे. ती आणि मी गुडघ्यांवर बसून हाताने कालवत राहिलो. थोड्या वेळात पांढरं काही दिसेना. तुम्ही कुठे आणि माती कुठे ते सांगता येईना, आणि तुम्ही शिकवलेलं सगळं मला त्या क्षणी एकदम आठवलं: ही देत नाही, पावसालाही नेऊ देत नाही. मी हात मागे घेतले. उशीर झाला होता.

घरी विमानाचं तिकीट रद्द झालं, बहीण म्हणाली बरं, पुढच्या वर्षी ये. पुढच्या वर्षी कशाला, कुणाला घेऊन? केतकीने मला मिठी मारली आणि म्हणाली, "मला माहीत होतं, तू इरासाठी थांबशील." मी तिची पाठ थोपटली. आता घरात दिवसभर घड्याळ आणि मी. परवा आमटी ढवळताना मी "शरयूताई, मीठ बघा" म्हणाले आणि मीठ चाखायला कुणी आलं नाही म्हणून आमटी तशीच ओतून दिली. साबुदाणा संपलाय, आणायला सांगितलेला नाही. लोक म्हणतात दिवस जातील तसं हलकं होईल. मला तसं काही दिसत नाही. चांगल्या चार ओळी लिहून तुमचे आभार मानावेत असं योजलं होतं. पाय धुवून न घेणाऱ्या बाईने मला माती दाखवली, भांडण दिलं, म्हातारपणी मैत्रीण दिली. मानते. पण त्याहून जास्त मी तुमच्यावर चिडले आहे, आणि तेच सांगायला खरं तर लिहायला बसले.

त्या रविवारी माती लोटून झाल्यावर ब्रूस गेला, केतकी इराला आंघोळीला घेऊन गेली. निखिल पत्रा उचलून शेडकडे निघाला होता, तो थांबला. तो काय बोलला ते जसंच्या तसं खाली लिहिते. तुम्ही आम्हा दोघांपैकी, मला की निखिलला, नक्की कुणाला खरं सांगितलं होतं, हे मला आता कोण सांगणार?

"काकू, आईनं मला नाशिकच सांगितलं होतं. म्हणाली, माझं काय, मला कुठेही टाका. पण सुमनताईंना परत जायचंय आणि त्या कधी तोंडाने म्हणायच्या नाहीत, तर माझ्या निमित्ताने त्यांना जाऊ दे. तुम्ही इथेच म्हणालात, तेव्हा मला वाटलं, तुमचं राहायचं ठरलं."